जवळ्याच्या पेटीतला केक

समुद्रकाठच्या या पोर्तुगीज वंशाच्या कोळीवस्तीत पुढच्या दारावर कुणी टकटक करत नाही. यायचं ते मागून, स्वयंपाकघराच्या दारानं, आणि तेही आधी हाक मारून. पुढचं दार वाजलं की समजावं, एक तर पाद्री आलेत, नाही तर पोस्टमन, नाही तर काहीतरी बिनसलंय.

त्या गुरुवारी सकाळी साडेसातला ओडेलिया थेसेइराचं पुढचं दार वाजलं, तेव्हा ती गॅसपाशी उभी राहून पाव भाजत होती. कॉफी गाळून झाली होती. मांजर पायात घोटाळत होतं. खिडकीबाहेर तिचा लग्नाचा झगा हँगरला टांगून वाऱ्यावर सोडला होता, मोतिया रंगाचा. सत्तावन्नाव्या वर्षी पांढरा घालायला तिला कुणी हरकत घेतली नसती, पण तिनंच शिंपिणीला सांगितलं होतं, "पांढरं मी जन्मभर केकवर थापत आलेय, आता अंगावर नको."

लग्न शनिवारी, चार वाजता. आणि अशा वेळी पुढचं दार वाजलं.

गॅस बारीक करून, हात फडक्याला पुसून तिनं दार उघडलं. दारात कार्मेलिन उभी. सेबियोची, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याची, एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस, क्वालालंपूरला शाळेत शिकवते, काल संध्याकाळच्या बसनं आलेली. केस विंचरलेले नाहीत, पायात बापाच्या रबरी चपला.

गेल्या सहा महिन्यांत ही मुलगी तिच्याशी चार वेळा फोनवर बोलली होती, आणि चारही वेळा मिळून एकच शब्द, "बरं." लग्न ठरलं, बरं. तारीख ठरली, बरं. आता लग्नाला दोन दिवस राहिलेत आणि ही पुढच्या दारात. 'मोडा' म्हणायला आली असणार. दुसरं काय?

"तिया, आत येऊ?" वस्तीत सगळ्याच मावश्या-आत्यांना तिया म्हणतात.

"ये ना. मागून का नाही आलीस?"

"मागून आले असते तर तिया फिलोनं विचारलं असतं, एवढ्या सकाळी कुठे."

"कुठे एवढ्या सकाळी?" फळीच्या भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारीण तिया फिलो पंचाहत्तर वर्षांची होती. एक गुडघा कामातून गेला होता, पण कान विशीतल्या पोरीचे होते.

कार्मेलिननं डोळे मिटून घेतले आणि आवाज खाली आणला. "केकबद्दल आहे."

"केकबद्दल?" ओडेलियाला एकदम हलकं वाटलं. "मुंग्या लागल्या?"

"नाही. मुंगी एकही नाही."

"तडा गेला?"

"तडा नाही, काही नाही. दिसायला इतका सुंदर आहे ना, तिया... तुम्ही येऊन बघा. म्हणजे, बघू नका. वास घ्या."

*

केक सेबियोच्या घरी कसा गेला, ते आधी सांगायला हवं.

मेजवानी वस्तीच्या चौकात होती आणि चौक सेबियोच्या दारासमोर. ओडेलियाचं घर तीन गल्ल्या मागे, रस्त्याला खड्डे. शनिवारी ऐनवेळी तीन मजली केक खड्ड्यांतून न्यायचा म्हणजे संकटाला आवतण. म्हणून मंगळवारी वरचं पांढरं आयसिंग खणखणीत वाळल्यावर तिनं बुधवारी दुपारीच तिन्ही मजले वेगवेगळ्या खोक्यांत घालून त्याच्याकडे पोचवले. जाताना एवढंच म्हणाली, "थंड जागी ठेव, आणि मुंग्या लागू देऊ नकोस."

एवढंच म्हणाली, ही तिची चूक. सेबियोनं दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या.

सेबियो एकसष्ट वर्षांचा. पहाटे छातीभर पाण्यात उभा राहून बांबूच्या जाळ्यानं जवळा धरणारे वस्तीत आता तिघंच उरलेत, त्यांतला तो एक. त्याच्या घरात सगळ्यांत थंड आणि मुंगी फिरकत नाही अशी जागा एकच, मागच्या पडवीतली बर्फाची पेटी. हातभर जाड भिंतींची, माणूस आडवा झोपेल एवढी. त्यात वीस वर्षं जवळा पडत आला होता. सेबियोनं ती बुधवारी रिकामी केली, साबणाच्या चुऱ्यानं घासली, लिंबं पिळून धुतली, उन्हात वाळवली, तळाशी धुतलेली चादर घातली आणि तिन्ही मजले खोक्यांतून काढून हळुवार आत ठेवून झाकण लावलं. खोकी का काढली? तर केकला वारा लागावा म्हणून.

ओडेलिया आणि कार्मेलिन पडवीत पोचल्या तेव्हा पेटीसमोर चार मांजरं ओळीनं बसली होती, प्रवचनाला बसावीत तशी. सेबियो बाजूला उभा, टोपी हातात.

"मी तीनदा धुतली, डेलिया. तीनदा. मला तर काहीच वास येत नाही."

"तुला कसा येईल, पप्पा?" कार्मेलिन म्हणाली. "तुझ्या नाकातच जवळा आहे."

ओडेलियानं झाकण उचललं. केक तसाच होता, शुभ्र, कडेनं नारळाच्या झावळीची नक्षी, एक रेघ हललेली नाही. ती खाली वाकली आणि श्वास घेतला. लोणी, बदाम, ब्रँडी, आणि त्या सगळ्यांच्या वर, निवांत पाय पसरून बसलेला जवळा.

तिनं सुरी मागितली. मधल्या मजल्याचा कोपरा कापला, तोंडात घातला, डोळे मिटले. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मांजरंसुद्धा.

"बदाम आणि लोणी, दोघंही असले भोळे की शेजारी बसेल त्याचा वास घेतात," ती शेवटी म्हणाली. "माझी आई म्हणायची, चांगल्या केकला वाईट संगत सोसत नाही."

सेबियोनंही एक तुकडा तोंडात टाकला. चावला, गिळला. "मला तर चांगला लागला," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

मग ओडेलियाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोट धरून. पडवीतल्या स्टुलावर बसून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुठलं पाणी आहे हे कार्मेलिनला ओळखता येईना.

*

कारण ओडेलियानं स्वतःच्या लग्नाचा केक केला होता तो दुसऱ्यांदा.

पहिला तेहेतीस वर्षांपूर्वी. तेव्हा ती चोवीस वर्षांची, पोस्टात तात्पुरत्या कामावर. तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो ह्यूबर्ट ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरी बघायला गेला होता, लग्नाला परत येणार होता. वस्तीत लग्नाचा केक म्हणजे रव्याचा. कणीक नव्हे, मैदा नव्हे, रवा, लोण्यात रात्रभर मुरवलेला, बदामाची पूड, डझनांनी अंड्यांचे बलक आणि मनगट दुखेस्तोवर फेसणं. वर बदामाच्या गोळ्याची पोळी लाटून लपेटायची आणि तिच्यावर पांढरं आयसिंग. ओडेलियानं तो आईच्या हाताखाली स्वतः केला. जेवणाच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून त्यावर तो तीन मजली उभा केला. लग्नाच्या चार दिवस आधी पत्र आलं. ह्यूबर्टला नोकरी मिळाली होती आणि नोकरीबरोबर आणखीही कुणी मिळालं होतं.

आईनं अंथरूण धरलं. केक टेबलावर तसाच. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघायचे नि मान खाली घालायचे, मयताच्या घरी शवपेटीकडे बघतात तसे. तिसऱ्या दिवशी ओडेलियाच्या कानावर आलं, चर्चमधल्या घंटा वाजवणाऱ्याच्या पोरीचं, ग्लॅडिसचं, त्याच शनिवारी लग्न आहे आणि केक करायची त्यांची ऐपत नाही. तिनं दोन माणसं बोलावली आणि केक उचलून ग्लॅडिसकडे पाठवला. मागोमाग स्वतःही गेली, कारण रव्याचा केक कापणं हे येरागबाळ्याचं काम नाही. सुरी गरम पाण्यात बुडवावी लागते, एका दमात खाली आणावी लागते, नाही तर सगळा भुगा. ती ग्लॅडिसच्या स्वयंपाकघरात उभी राहिली, दोनशे तुकडे पाडले, कागदात गुंडाळले. बाहेर लोक विचारायला लागले, केक कुणाचा? पुढच्या महिन्यात दोन लग्नांची बोलावणी आली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहिली ती तेहेतीस वर्षं उभीच राहिली. वस्तीतलं एक लग्न तिच्या केकवाचून झालं नाही. सेबियो आणि त्याची बायको इर्मा यांच्या लग्नाचा केकही तिनंच केला होता. कार्मेलिनच्या बाप्तिस्म्याला त्याच केकचा वरचा मजला उघडला होता. वरचा मजला पहिल्या बाळासाठी राखून ठेवायचा, ही रीतच आहे.

इर्मा जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर सेबियो दर रविवारी ओडेलियाच्या मागच्या दारी मूठभर जवळा द्यायला यायचा. एका रविवारी रिकाम्या हातानं आला.

"आज जवळा नाही?" तिनं विचारलं.

"समुद्रात नाही," तो म्हणाला. "पण मी आलोय."

एवढंच. पुढचं वस्तीनं ठरवलं.

*

केकची बातमी ओडेलियाच्या आधी तिच्या घरी पोचली होती. ती आणि कार्मेलिन परत आल्या तर तिया फिलो काठी टेकत मागच्या दारातून आत येऊन बसलेली, आणि तव्यावरचा पाव खाऊनही झालेला.

"करपत होता म्हणून खाल्ला. ऐकलं मी सगळं. आता डोकं धरून बसू नकोस. शहरातून विकतचा आण. क्रीमचा. वर फळं लावतात, दोन तासांत देतात."

"नाही."

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"सगळ्यांना. तुम्ही सांगाल."

"ते तर सांगेनच," तिया फिलो म्हणाली. "बरं, मग एकच मजला कर. तीन कशाला? वरचा मजला बाळाच्या बाप्तिस्म्याचा. तुझ्या वयाला तो कुणासाठी ठेवणारेस? मांजराच्या?"

कार्मेलिननं चपापून ओडेलियाकडे बघितलं. ओडेलिया मात्र डब्यातला रवा मोजत होती.

"तीन मजले," ती म्हणाली. "आणि विकतचा नाही. हे बघा तिया, मागचा केक मी दुसरीला दिला, खुशीनं दिला. हा जवळ्यानं खाल्ला. आता तिसरा मी मांडवात नेणार. शनिवारी चार वाजेपर्यंत नेणार. नाही झाला तर केकशिवाय लग्न करीन, पण दुसऱ्या कुणाचा कापणार नाही."

"हट्टी," तिया फिलो म्हणाली आणि बदाम सोलायला जवळ ओढले. "तुझी आई अशीच होती. गरम पाणी दे इकडे."

वेळ मात्र खरंच नव्हता. रवा रात्रभर मुरायला हवा, म्हणजे भाजायला शुक्रवार उजाडणार, आणि शुक्रवारी भाजला तर आयसिंग वाळायला दिवस उरत नाही. ओडेलियाला आईची अडीनडीची युक्ती आठवली. रवा हाताला सोसेल एवढाच गरम करायचा, लोणी वितळू न देता नुसतं लुसलुशीत करायचं आणि दोन्ही एकत्र करून, भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून उन्हात ठेवायचं. सहा तासांत रवा फुगतो. "आयुष्यात दोनदाच केलंय असं," ती म्हणाली. "एकदा जमलं."

"आणि दुसऱ्यांदा?" कार्मेलिननं विचारलं.

"दुसऱ्यांदा ते लोक क्वांतानला राहायला गेले, तेव्हा विचारायचं राहिलं."

कार्मेलिन हसली. ओडेलियानं तिला हसताना सहा वर्षांत पहिल्यांदा बघितलं, आणि हसली की ती थेट इर्मा दिसते हेही.

दुसरी अडचण ओव्हनची. ओडेलियाचा ओव्हन एवढासा, एका वेळी एक मजला. खालचा मजला दोन तास घेतो, मधला दीड. तिन्ही एकामागून एक भाजायचे तर रात्र होईल, आणि फेसलेलं मिश्रण ताटकळत ठेवलं की बसतं. ती बोटांवर तास मोजत होती, परत परत, जणू एखादं बोट वाढेल.

"आईचा ओव्हन आहे ना," कार्मेलिन म्हणाली.

ओडेलिया मोजायची थांबली. इर्माचा ओव्हन तिला माहीत होता. चांगला मोठा, दोन ताटं मावणारा. इर्मा गेल्यापासून त्याच्यावर इर्मानंच विणलेला रुमाल अंथरलेला असायचा. सेबियो रुमाल धुवायचा, वाळवायचा, पुन्हा अंथरायचा. ओव्हन कुणी पेटवला नव्हता. लग्नानंतर आपला जुना ओव्हन सेबियोच्या पडवीत लावायचा आणि इर्माच्या ओव्हनला हात लावायचा नाही, असं ओडेलियानं मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणाला न विचारता. विचारायचं तरी कसं?

"तो राहू दे," ती म्हणाली.

"का?"

"तुझ्या आईचा आहे."

"म्हणूनच म्हणतेय." कार्मेलिन अंड्यांच्या ट्रेकडे बघत बोलत होती. "तिया, मी फोनवर नुसतं बरं बरं करायचे, ते तुम्हाला वाईट वाटलं असेल. मला भीती वाटायची. वाटायचं, तुम्ही याल आणि आईचं सगळं हलवून टाकाल. काल घरी आले. काहीच हललेलं नव्हतं. रुमालाची घडीसुद्धा. ते बघून जास्त वाईट वाटलं. आई असती तर म्हणाली असती, ओव्हन काय शोभेला ठेवलाय?"

बदाम सोलता सोलता तिया फिलोनं नाक ओढलं. "म्हणालीच असती. शिवी घालून म्हणाली असती."

*

दुपारी तीनला रवा फुगला. ओडेलियानं चिमूट उचलून दोन बोटांत चोळली, पुन्हा चोळली, आणि मान डोलावली. चौपन्न अंडी फोडायची होती. बलक एकीकडे, पांढरं एकीकडे. बलक केकला, पांढरं आयसिंगला, वाया काही जात नाही. पण पांढऱ्यात बलकाचा ठिपका गेला की आयसिंग फसलं. कार्मेलिननं पहिली चार अंडी बिघडवली.

"शाळेत पोरांना काय शिकवतेस तू?"

"गणित."

"तरीच. हाताचं काम नाही ते. असं बघ, अंडं आपटायचं नाही, टेकवायचं. झोपलेल्या माणसाला उठवतात ना, तसं."

पंधराव्या अंड्याला तिचा हात बसला. विसाव्याला ती बोलता बोलता फोडू लागली. मग दोघींनी आळीपाळीनं फेसलं. खालचा मजला ओडेलियाच्या ओव्हनमध्ये गेला आणि तिया फिलोला त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसवलं, "दार उघडायचं नाही" अशी तंबी देऊन. उरलेली दोन भांडी उचलून दोघी सेबियोकडे गेल्या.

रुमाल कार्मेलिननं स्वतः काढला. घडी केली, छातीशी धरून क्षणभर उभी राहिली आणि कपाटात ठेवला. मग ओव्हनचं दार उघडलं.

आत फायली होत्या. होडीचा परवाना, घराची कागदपत्रं, चर्चच्या पावत्या, कार्मेलिनची दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं, आणि चिकटपट्टीनं बांधलेलं लग्नाच्या आमंत्रणपत्रिकांचं पुडकं.

"पप्पा!"

सेबियो दारात आला. "काय? कोरडी जागा आहे ती."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. केक जवळ्याच्या पेटीत, कागद ओव्हनमध्ये. कार्मेलिन जमिनीवरच बसली हसत. "तिया, अजून दोन दिवस आहेत. विचार करा. ह्या माणसाशी लग्न करायचंय तुम्हाला?"

"करायलाच हवं," ओडेलिया फायली उचलत म्हणाली. "नाही तर हा उद्या स्वतःला कुठे ठेवेल नि विसरेल."

सेबियोनं सगळ्या फायली निमूट घेतल्या आणि कुठे ठेवायच्या ते विचारलं. ओडेलिया म्हणाली, "कपाटात. कागद कपाटात ठेवतात." तो "बरं" म्हणाला, आणि ओडेलियाला कळलं, मुलीनं तो शब्द कुणाकडून घेतला ते.

ओव्हन दुसऱ्या काडीला पेटला. आधी धुळीचा वास आला, मग कसलाच नाही. आणि पाऊण तासानं, सहा वर्षांत पहिल्यांदा, त्या घरात लोण्या-बदामाचा वास भरला. सेबियो पडवीत जाळं विणत बसला होता. त्याचे हात थांबले. "मला येतोय," तो आतल्या दोघींना ओरडून म्हणाला, "मला वास येतोय!"

*

शुक्रवारी सकाळी केक थंड झाले होते. बदामाची पोळी लाटून लपेटली, दुपारी आयसिंगचा पहिला हात दिला. नक्षी साधीच, वेळच नव्हता. एका बाजूला किंचित तिरकी रेघ आली. ओडेलियानं ती पुसायला सुरी उचलली आणि ठेवून दिली. तिन्ही मजले ओडेलियाच्याच टेबलावर उभे राहिले, पायांखाली पाण्याच्या वाट्या. उद्या खड्ड्यांतून न्यायचे ते सेबियोनं आणि त्याच्या दोघा जोडीदारांनी हातांवर न्यायचे, चालत, असं ठरलं. जवळ्याचा केक त्याच तिघांनी दोन दिवसांत चहाबरोबर संपवत आणला होता, आणि ओडेलियाच्या तोंडावर सांगून गेले होते की ह्याच चवीचा पुन्हा कर.

केक पातळीत बसावेत म्हणून प्रत्येकाचा फुगलेला माथा सकाळीच उडवला होता. ते माथे ताटात पडले होते. ओडेलियानं पातेल्यात पाणी उकळलं, सुरी बुडवली आणि कार्मेलिनच्या हातात दिली.

"काप."

कार्मेलिननं कापलं. भुगा झाला.

"थांबलीस मध्ये. थांबायचं नाही. सुरी बुडव, पूस, आणि एका दमात."

दुसरा भुगा. तिसरा तुकडा अर्धा. सातवा चौकोनी पडला, कडा सरळ, सोनेरी. तिया फिलोनं तो उचलून तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला. रवा नीट मुरला होता की नाही, ते आता ठरणार होतं. ओडेलियानं फडकं हातात घट्ट पिळून धरलं होतं.

"अं," तिया फिलो म्हणाली. "तुझ्या आईचा जरा बरा व्हायचा."

यापेक्षा मोठी पावती वस्तीत कुणाला मिळालेली नव्हती. ओडेलिया खुर्चीवर टेकली.

"बरं झालं, ही निदान सातवा पाडायला शिकली," तिया फिलो पुढे म्हणाली. "उद्या तुला मदत होईल. मेजवानी सुरू झाली की अर्धा तास डोक्यावरची ओढणी उतरवून आत येशील तू. झग्यावर माझा एप्रन बांध. दोनशे तुकडे दुसऱ्या कुणाच्या हातानं पडायचे नाहीत."

ओडेलियानं मान हलवली, होकारार्थी की नुसतीच, ते कळलं नाही. तिया फिलो काठी टेकत घरी गेली. संध्याकाळचं ऊन खिडकीतून केकवर पडलं होतं. कार्मेलिन भांडी घासत होती आणि तिचं लक्ष राहून राहून वरच्या मजल्याकडे जात होतं.

"तिया, हा वरचा खरंच कुणासाठी?"

"माहीत नाही गं. नीट गुंडाळून बर्फात ठेवला की वर्षभर जातो. साध्या बर्फात, तुझ्या बापाच्या नव्हे. वर्षात कुठेतरी काहीतरी चांगलं होतंच. त्या दिवशी उघडू."

"आणि कुणाचं बाळच आलं तर?"

"तुझं आहे का?"

"छे! सहज विचारलं." कार्मेलिन लाजली. मग हात पुसत समोर येऊन बसली. "उद्या मला काय काम? सकाळपासून सांग, मी सगळं करते. केस बांधू तुझे? झग्याला इस्त्री?"

ओडेलियानं तिच्याकडे बघितलं. तेहेतीस वर्षांत तिनं किती केक केले, त्याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता. त्या सगळ्यांचे माथे खाल्ले होते, कडा खाल्ल्या होत्या, सुरीला चिकटलेलं चाटलं होतं. मांडवात खुर्चीवर बसलेल्या बायकांच्या हातांतल्या बश्या तिनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिल्या होत्या. बशी, त्यात एक तुकडा, वर आयसिंगची जाड कड, आणि ती बाई गप्पा मारत, घाई न करता खातेय.

"काम एकच," ती म्हणाली. "उद्या केक तू काप. आणि एक तुकडा, कडेचा, बशीत घालून मला आणून दे. मी बसलेली असेन, तिथे."